वॉरम पर्सी : गवताखालचे गाव पाहताना

इंग्लंडमधील यॉर्कशर वोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशात, मॉल्टन शहराच्या आग्नेयेस, वॉरम पर्सी हे इ. स. १५०० च्या सुमारास ओस पडलेले गाव आहे. इंग्लिश हेरिटेज ही संस्था त्याची देखभाल करते आणि प्रवेशशुल्क घेत नाही. छप्पर हरवलेले सेंट मार्टिन चर्च सोडले, तर मध्ययुगातले येथे फारसे काही उभे नाही. तरीही शेतकऱ्यांचे जुने जगणे समजून घेण्यासाठी इतके बोलके स्थळ क्वचितच सापडेल.

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० या काळात दर उन्हाळ्यात येथे उत्खनन झाले. पठारावर चढून आल्यावर गवतातले बुटके उंचवटे प्रथम निरर्थक भासतात, पण माहितीफलकांवरील चित्रांशी ते पडताळत गेले की घरांची जोती, परसांच्या सीमा आणि गावातली वाट हळूहळू वेगळी दिसू लागते. ही घरे तकलादू होती आणि पिढीगणिक नव्याने बांधावी लागत, असे सुरुवातीला मानले गेले. पुढे पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्याच पुराव्यांची फेरतपासणी करून, वाकड्या ओंडक्यांच्या जोड्यांवर उभी असलेली भक्कम लाकडी चौकट टिकून राही आणि भिंतींचीच डागडुजी होत असे, अशी मांडणी केली. गरीब कुळाचे घर म्हणजे झोपडे, ही आपली समजूतही त्यामुळे तपासावी लागते, आणि माझ्या मते या भेटीतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

मेंढ्यांच्या कुरणांसाठी उरलेली कुटुंबे हलवली गेल्यावर गावठाणावर गवत माजले आणि म्हणूनच या खुणा टिकल्या. आसपासच्या शेतांचे नशीब तसे नव्हते. मध्ययुगीन नांगरटीचे रुंद सरी-वरंबे वोल्ड्समध्ये बहुतांशी आधुनिक नांगराखाली गेले आहेत, त्यामुळे मुख्यतः तेच पाहायचे असतील त्यांनी मिडलँड्सचा, म्हणजे मध्य इंग्लंडचा, विचार करावा.

सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात जावे, कारण भर दुपारी सावल्या नसल्याने उंचवटे सपाट वाटतात. वाहनतळापासूनची सुमारे सव्वा किलोमीटरची वाट चढउताराची असून पावसात निसरडी होते, म्हणून मजबूत बूट हवेतच. चाकाच्या खुर्चीसाठी ती सोयीची नाही.