चार सामने, अकरा पौंड: सुटी पैज, यांकी की थेट अ‍ॅका?

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या फुटबॉल सामन्यांआधी हमखास लागणारी पैज म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. बोलण्यात तिचा ‘अ‍ॅका’ होतो आणि मराठी कानाला ‘अक्का’च ऐकू येते. चार-पाच सामने एका स्लिपवर घ्यायचे, भावांचा गुणाकार होतो, एक निकाल चुकला की हाती भोपळा. हा आढावा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि पैज लावायचीच असे ठरवलेल्या वाचकासाठी आहे. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यामुळे सुट्टीत पुण्याला किंवा मडगावला आल्यावर तिकडचे खाते उघडून स्लिप लावू नये.

आधी बुकीचा काप

एका सामन्याचे भाव असे धरू: यजमान १.८० (म्हणजे जिंकल्यास एका पौंडाचे मूळ रकमेसह १.८०), बरोबरी ३.६०, पाहुणे ४.५०. प्रत्येक भावाने १०० ला भागले की टक्के मिळतात: ५५.५६, २७.७८ आणि २२.२२. बेरीज १०५.५६. शंभरच्या वरचे साडेपाच हे बुकीचे मार्जिन. म्हणजे खरी शक्यता भावात दिसते त्याच प्रमाणात असेल, तर लावलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे सरासरी ९४.७४ परत येतात.

अ‍ॅकात भावांसोबत हा कापही गुणला जातो. दोन सामन्यांत परतावा ८९.८ टक्क्यांवर येतो, चारमध्ये ८०.६, आठमध्ये ६४.९. स्लिपवरचा मोठा आकडा डोळ्यांत भरतो, पण प्रत्येक वाढीव सामन्यागणिक बुकीचा वाटाही फुगतो. ‘बँकर’ (हमखास जिंकणारे) म्हणून १.२० चे सहा बलाढ्य संघ घेतले तर भाव होतो २.९९. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ८० टक्के धरली तरी सहाही जिंकण्याची शक्यता २६ टक्केच. चारांतल्या तीन शनिवारी कोणीतरी माती खाणार.

तेच चार सामने, चार मांडण्या

चारही सामन्यांत १.८० चा भाव आणि एकूण खर्च ११ पौंड धरून परतावा असा येतो (यांकी आणि लकी १५ म्हणजे काय ते तक्त्याखाली):

| मांडणी | चारही बरोबर | तीन बरोबर | दोन बरोबर | सरासरी परतावा |
|---|---|---|---|---|
| चार सुट्या पैजा (प्रत्येकी २.७५) | १९.८० | १४.८५ | ९.९० | १०.४२ |
| लकी १५ (प्रत्येकी सुमारे ७३ पेन्स) | ४४.३४ | १५.३६ | ५.०२ | ९.८१ |
| यांकी (प्रत्येकी १ पौंड) | ५३.२७ | १५.५५ | ३.२४ | ९.५९ |
| चौघांची अ‍ॅका | ११५.४७ | ० | ० | ८.८६ |

यांकी म्हणजे चार सामन्यांतून पडणाऱ्या ११ पैजा: सहा दुहेरी, चार तिहेरी, एक चौपदरी. त्यात चार सुट्या जोडल्या की लकी १५. तीन सामन्यांना ट्रिक्सी (४ पैजा) आणि पेटंट (७), पाचांना कॅनेडियन (२६), सहांना हाइन्झ (५७). हे शेवटचे नाव त्या प्रसिद्ध केचपवाल्यांच्या ‘५७ प्रकारां’वरून आलेले.

वरच्या भावांतून मार्जिन काढले तर एका यजमानाची खरी शक्यता ५२.६ टक्के उरते. त्यावरून चारही बरोबर येण्याची शक्यता ७.७ टक्के, नेमके तीन येण्याची २७.६ टक्के, नेमके दोन येण्याची ३७.३ टक्के. म्हणजे सर्वाधिक वेळा दोनच बरोबर येतात, आणि तिथे यांकीवाल्याचे पावणेआठ पौंड जातात, सुट्या पैजवाल्याचा एक पौंड दहा पेन्स. सुट्या, लकी १५ आणि यांकी तिन्ही नफ्यात येतात ते तीन किंवा चार बरोबर आल्यावरच, म्हणजे साधारण ३५ टक्के वेळा. फरक आहे तो पडल्यावर किती लागते यात.

आमचा कौल असा: सामन्यांचा अभ्यास पक्का असेल तर सुट्या पैजा. मोठ्या रकमेची हौस असेल तर तीन किंवा चार सामन्यांची अ‍ॅका, तीही लहान रकमेची. यांकी मधली वाट म्हणून बरी, पण ती ‘सुरक्षित अ‍ॅका’ नव्हे. लकी १५ वर ‘एकच जिंकला तर दुप्पट भाव’ असा बोनस दिसतो, तो बहुतेकदा घोड्यांच्या शर्यतीपुरता असतो. फुटबॉलला लागू आहे का ते आधी वाचावे.

आणि एक सावधगिरी, कारण इथे हात भाजतात: यांकीच्या रकान्यात ११ लिहिले की बहुतेक ठिकाणी ते प्रत्येक पैजेमागे ११ धरले जातात आणि खात्यातून १२१ पौंड जातात. पक्के करण्याआधी एकूण रकमेचा आकडा बघायचा.

संघ बदलण्याआधी बाजार बदला

बहुतेक जण संघ निवडण्यात तास घालवतात आणि भाव पहिल्या दिसलेल्या अ‍ॅपवर घेतात. १.८० ऐवजी दुसऱ्या बुकीकडे १.८५ मिळत असेल, तर १० पौंडांच्या चौपदरी अ‍ॅकाचे १०४.९८ ऐवजी ११७.१४ होतात. सामने तेच, मेहनत पाच मिनिटांची. दोन-तीन परवानाधारक बुकींकडे खाती ठेवायचे खरे कारण हेच. मात्र चारही सामने एकाच बुकीकडे लावावे लागतात, म्हणून एकेका सामन्याचा नाही, पूर्ण स्लिपचा गुणाकार ताडून पाहावा.

दुसरा बदल याहून मोठा. जिंकणे, बरोबरी, हरणे या तिहेरी बाजाराऐवजी आशियाई हँडिकॅप (एका संघाला गोलांची काल्पनिक सूट किंवा भार देऊन फक्त दोन बाजू ठेवणारा बाजार) घेतला तर दोन्ही बाजूंना १.९३ असे भाव मिळू शकतात. तिथे बेरीज १०३.६ होते, म्हणजे काप जवळपास दोन टक्क्यांनी बारीक. चार सामन्यांत परतावा ८०.६ वरून ८६.७ टक्क्यांवर जातो. शून्य हँडिकॅपमध्ये बरोबरी झाली तर ती कडी (स्लिपमधला तो एक सामना) १.०० धरली जाते आणि बाकीची साखळी चालू राहते. पाव हँडिकॅपमध्ये (उणे ०.२५, उणे ०.७५) अर्धी रक्कम लगतच्या एका हँडिकॅपवर, अर्धी दुसऱ्यावर जाते (उणे ०.२५ म्हणजे शून्य आणि उणे ०.५). असे सामने अ‍ॅकात घ्यायला प्रत्येक बुकी तयार नसतो.

बेट बिल्डर, म्हणजे एकाच सामन्यातली साखळी (यजमान जिंकणार, अमुक खेळाडू गोल करणार, दहा कॉर्नर होणार), हा मात्र तुलनेत सर्वांत अंधारा पर्याय. या घटना एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे साधा गुणाकार चालत नाही. जोडभाव बुकी स्वतः काढतो आणि त्यात त्याचा काप किती हे बाहेरून मोजता येत नाही. खेळाडूवर लावलेली कडी तो मैदानात उतरलाच नाही तर सहसा रद्द होते, पण ८० व्या मिनिटाला उतरला तर चालू धरली जाते. संघ सामन्याआधी तास-सव्वा तास जाहीर होतात, त्यानंतरच ही स्लिप भरलेली बरी.

विमा की वाढीव भाव

बहुतेक बुकी दोनपैकी एक आमिष दाखवतात: पाच किंवा जास्त सामन्यांत एकच चुकला तर रक्कम फ्री बेटच्या रूपात परत (अ‍ॅका इन्शुरन्स), किंवा जिंकल्यास नफ्यावर काही टक्के जास्त (अ‍ॅका बूस्ट). १.८० च्या पाच सामन्यांवर १० पौंड लावले असे धरू. आमिषाशिवाय सरासरी परतावा ७.६३ पौंड.

विम्यात नेमका एक सामना चुकण्याची शक्यता १८.२ टक्के. फ्री बेटची मूळ रक्कम परत मिळत नाही, फक्त नफा मिळतो. म्हणून १० पौंडांची फ्री बेट १.८० वर वापरली तर तिची किंमत ४.२१ पौंड, ४.५० वर वापरली तर ७.३७. नीट वापरल्यास एकूण सरासरी ८.९७ होते. बूस्ट १० टक्के असेल तर सरासरी ८.३५. या भावांवर बूस्ट साधारण साडेअठरा टक्क्यांच्या वर गेला तरच तो विम्याला मागे टाकतो. फ्री बेट सवयीने कमी भावाच्या संघावर उडवणाऱ्याला मात्र ११ टक्के बूस्टही विम्यापेक्षा जास्त देतो.

एवढे करूनही तेच १० पौंड सुट्या पैजांत सरासरी ९.४७ परत देतात. चारची अ‍ॅका पुरेशी वाटत असताना केवळ विम्यासाठी पाचवा सामना जोडणे हा म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार. ती अट त्यासाठीच घातलेली असते.

कॅश आउट की एक्स्चेंज

तीन सामने जिंकले, चौथा बाकी, १० पौंडांचे १०४.९८ समोर दिसताहेत. या स्लिपची रास्त किंमत आता ५५.२५ पौंड. कॅश आउटच्या (निकालाआधीच स्लिप बुकीला परत विकायच्या) बटणावर साधारणपणे यापेक्षा कमी दिसते, कारण बुकी तिथे पुन्हा काप घेतो. दुसरा मार्ग म्हणजे बेटिंग एक्स्चेंजवर (जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैज लावतात) त्याच संघाविरुद्ध ‘ले’ करणे, म्हणजे तो जिंकणार नाही यावर पैज घेणे. भाव १.९२ आणि कमिशन २ टक्के असेल तर सूत्र असे: १०४.९८ भागिले (१.९२ उणे ०.०२), म्हणजे ५५.२५ ची ले. निकाल काहीही लागो, हातात ५४.१५ येतात. बटणावरचा आकडा याहून कमी असेल तर एक्स्चेंज, जास्त असेल तर बटण. मात्र एक्स्चेंजच्या खात्यात ५०.८३ पौंड आधीच पडलेले हवेत, कारण संघ जिंकला तर तेवढे द्यावे लागतात.

यासाठी स्लिपची रचनाही आधी करावी लागते. चारही सामने शनिवारी तीनला असतील तर सावरायला वेळच नसतो. शेवटची कडी शनिवारी साडेपाचची किंवा रविवारी साडेचारची ठेवली तरच हा पर्याय उरतो.

स्लिप भरताना नेमके काय बिघडते

सामना पुढे ढकलला तर बुकीच्या नियमाप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर ती कडी १.०० होते. पाचांची अ‍ॅका चारची झाली की विमा बहुधा गळून पडतो, आणि हे लक्षात येते ते पैसे परत मागताना. डिसेंबर-जानेवारीत खालच्या विभागांतले सामने गोठलेल्या मैदानांमुळे रद्द होतात, त्या काळात विम्यासाठी पाचऐवजी सहा घेण्याचा मोह होतो. तो सहावा सामनाही काप घेऊनच येतो.

रकमेची मर्यादा बुकीच्या खात्यातच आठवड्यासाठी घालून ठेवता येते. आवरेनासे झाले तर गॅमस्टॉपवर एकदा नोंदणी करून सगळ्या परवानाधारक ब्रिटिश साइट्स सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे बंद करून घेता येतात. ठरलेली मुदत संपण्याआधी हे बंधन काढता येत नाही.

एफए कपचे सामने अ‍ॅकात घालताना बाजाराचे नाव दोनदा वाचावे. २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांत बरोबरीनंतर फेरसामना होत नाही, लगेच जादा वेळ आणि मग पेनल्टी. पण ‘विजेता’ बाजार ९० मिनिटे आणि भरपाईच्या वेळेवरच ठरतो. संघ १०५ व्या मिनिटाला गोल करून पुढच्या फेरीत गेला तरी स्लिपवर बरोबरीच लागते. पुढे जाण्यावर पैज हवी असेल तर ‘टू क्वालिफाय’ हा वेगळा बाजार निवडावा, आणि त्याचा भाव कमी असतो हे धरूनच गुणाकार करावा.