खांदे मोकळे झाल्याशिवाय वजन देत नाहीत, अशी रत्नागिरीतली जिम

मारुती मंदिर एरियात आहे ही जिम, सहा महिने जातोय म्हणून लिहितोय. आधीच्या जिममधे पहिल्याच दिवशी बार हातात दिला, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर नेणं) करताना बार सारखा पुढे पडायचा, मी कंबर वाकवून कसंतरी उचलायचो आणि खांदा धरला तो धरलाच. इथे सरांनी आधी भिंतीला पाठ टेकवून हात वर करायला लावले, तर कंबर भिंतीपासून सुटल्याशिवाय हात कानापर्यंत पण जाईनात! म्हणाले, "नुसता खांदा नाही रे, पाठीचा वरचा भाग आणि बगलेमागचे स्नायू, लॅट्स, आखडलेत." मग दीड महिना फक्त फोम रोलर (अंगाखाली घोळवून स्नायू मोकळे करायचा फोमचा लोड), बारला लटकणं आणि प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, तो रुंद पकडून कोपर न वाकवता डोक्यावरून मागे न्यायचा आणि पकड हळूहळू जवळ आणायची. कंटाळा येतो पण खरंच करा. नंतर 15 किलोचा बार, मग 20 चा. आता ओव्हरहेड स्क्वॉटला (बार डोक्यावर धरून खाली बसताना) बार बरोब्बर पावलाच्या मध्यावर राहतो.

सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला 55 किलो गटात सिल्व्हर घेतलं पण क्लीन अँड जर्कमधे (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) कोपर दुखावला, त्या लेव्हलला हे होतं तर आपण घाई का करायची?

तक्रार एकच, खाऱ्या हवेने बारला गंज धरतो, पावसाळ्यात स्लीव्ह (बारचं प्लेट लावायचं फिरतं टोक) नीट फिरत नाही आणि सगळा पीळ मनगटावर येतो. रोज पुसून तेल लावायला पाहिजे. सकाळी जा, गर्दी नसते, सर स्वतः बाजूला उभे राहून बघतात.