आधी केबल, मग वाय-फाय : दुमजली घरात डेको एक्स५०

टीपी-लिंकचा डेको एक्स५० हा घरभर एकच वाय-फाय पसरवणारा तीन नगांचा संच नाशिकच्या आमच्या दुमजली घरात बसवून, तो रोजच्या वापरात पारखून घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की संच चांगला आहे, पण त्याचा खरा गुण दिसतो तो भिंतीतून केबल ओढलेल्या घरातच. केबल न टाकता नुसते तीन नग तीन खोल्यांत ठेवून सर्वत्र सारखा वेग मिळेल, या अपेक्षेने तो विकत घेऊ नये.

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंती विटांच्या, नऊ इंची आहेत, मधला स्लॅब लोखंडी सळ्यांचा आहे आणि फायबरची जोडणी दर्शनी खोलीच्या कोपऱ्यात येते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींतून बऱ्यापैकी पलीकडे जातात, पण तो पट्टा शेजारपाजारच्या राउटरांनी भरलेला असतो आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढे तीनच मिळतात. वेग ज्या ५ गिगाहर्ट्झमध्ये असतो त्या लहरी एका जाड भिंतीनंतरच क्षीण होतात, आणि स्लॅबपुढे तर त्यांचे फारसे काही चालत नाही. तीन नगांच्या संचासाठी कंपनी साडेसहा हजार चौरस फुटांपर्यंतचा आवाका सांगते. विटा आणि स्लॅबच्या घरात तो आकडा धरून नियोजन करू नये, खोल्या आणि मधल्या भिंती मोजाव्यात.

एक्स५० हा वाय-फाय ६चा, दोन पट्ट्यांचा संच आहे. ५ गिगाहर्ट्झवर २४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) असे त्याचे कागदावरचे वेग आहेत. यातला मोठा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल वापरू शकणाऱ्या उपकरणालाच लागू होतो, आणि अनेक फोन ८० मेगाहर्ट्झवरच थांबतात. मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट : प्रत्येक नगाला केबल लावण्यासाठी तीन गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट आहेत. याच मालिकेतल्या एक्स२० आणि एम४ला दोन-दोनच आहेत. नियोजन करताना हा एक जास्तीचा पोर्ट फार उपयोगी पडतो, कारण एकात भिंतीतून आलेली केबल लावली की उरलेल्या दोनांत टीव्ही आणि संगणक सरळ जोडता येतात आणि त्या खोलीत वेगळा स्विच, म्हणजे एका केबलच्या अनेक जोडण्या करणारी पेटी, घ्यावा लागत नाही.

तारेशिवाय जोडल्यास हे नग एकमेकांशी मुख्यतः त्याच ५ गिगाहर्ट्झ रेडिओवरून बोलतात, ज्यावर घरातले फोनही असतात, त्यामुळे दुसऱ्या नगापाशी पोहोचेपर्यंत वेग साधारण निम्म्यावर येतो आणि मध्ये स्लॅब असेल तर त्याहूनही खाली जातो. केबलने जोडल्यावर, म्हणजे ज्याला इथरनेट बॅकहॉल म्हणतात ती सोय वापरल्यावर, रेडिओ पूर्णपणे फोन आणि लॅपटॉपसाठी मोकळा राहतो. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत आमच्या ३०० एमबीपीएसच्या योजनेचा पूर्ण वेग मिळू लागला तो केबल जोडल्यानंतरच.

नवे बांधकाम नसेल तर भिंती फोडाव्या लागतील, या भीतीने बहुतेक लोक केबलचा विचारच सोडून देतात. प्रत्यक्षात जुन्या घरांत केबल टीव्हीसाठी घातलेले पाइप बऱ्याचदा आजही रिकामे किंवा निरुपयोगी वायर धरून पडलेले असतात. आमच्या वायरमनने त्या जुन्या वायरलाच कॅट-६ ही नेटवर्कची केबल बांधून ती ओढून घेतली, आणि जिथे पाइप नव्हता तिथे छताच्या कडेने केसिंग पट्टी मारली. विजेच्या वायरींच्या पाइपातून नेटवर्कची केबल नेऊ नये, असा आग्रह त्याने स्वतःहून धरला, आणि तो योग्यच होता. सुरक्षिततेसाठीही दोन्ही वेगळ्या असायला हव्यात. कॅट-६वर गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे घरात अंतराची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करावी ती केबलच्या धातूची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिचा विद्युतरोध जास्त असतो, ती वाकवताना तुटते, नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसत नाही, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी तर ती वापरूच नये. आतली तार ब्लेडने खरवडावी. खाली पांढरी चकाकी दिसली तर ते खोके दुकानदाराला परत द्यावे. भिंतीत एकदा गेलेली केबल पुन्हा बदलली जात नाही, म्हणून इथे केलेली काटकसर पुढे महागात पडते.

केबलच्या टोकाला आरजे-४५ प्लग बसवताना आतल्या तारांच्या चारही जोड्या जोडून घ्याव्यात. दोनच जोड्या जोडल्या तरी नेट चालते, पण १०० एमबीपीएसवर अडकते, आणि त्याचा दोष नाहक राउटरला दिला जातो.

जोडणीची रचना नीट समजून घेतली नाही तर हा संच त्रास देऊ शकतो. इंटरनेट सेवादात्याच्या फायबरच्या पेटीत बहुधा राउटरही असतो आणि घरचा दूरध्वनीही त्याच पेटीला लागतो, त्यामुळे ती काढून टाकता येत नाही. मुख्य डेको राउटर म्हणून चालवायचा असेल तर बाकीचे नग आणि स्विच त्याच्या पुढे, म्हणजे त्याच्याच पोर्टातून निघालेले हवेत. ते परस्पर सेवादात्याच्या पेटीला जोडल्यास घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि नग एकमेकांना सापडत नाहीत. शिवाय पेटी आणि डेको दोघेही राउटर झाल्यामुळे घरातल्या उपकरणांच्या नेटवर्क-पत्त्यांचे भाषांतर (एनएटी) दोनदा होते, ज्याचा अडथळा बाहेरून कॅमेरे पाहताना किंवा ऑनलाइन खेळांत जाणवू शकतो. त्याऐवजी ॲक्सेस पॉइंट मोड निवडला, म्हणजे राउटरचे काम पेटीकडेच ठेवून डेकोला फक्त वाय-फाय द्यायला लावले, तर सगळे सरळ होते, पण मुलांच्या वापरावर वेळेची मर्यादा घालण्यासारख्या डेकोच्या सोयी त्या मोडमध्ये बंद पडतात. आम्ही हाच मोड ठेवला आहे. घरात लहान मुले असतील तर पहिला पर्याय घ्यावा, असे मी म्हणेन.

मांडणी सगळी मोबाइलच्या ॲपमधून होते आणि त्यासाठी कंपनीचे खाते उघडावे लागते. घरातल्या यंत्राला बाहेरचे खाते लागावे हे मला पटत नाही. होमशील्ड या कंपनीच्या सुरक्षा-सेवेचा मूळ भाग विनामूल्य असला तरी प्रगत सोयींसाठी वर्गणी भरावी लागते, आणि ती न भरताही आमचे काही अडलेले नाही. जिन्यातून वर-खाली करताना व्हिडिओ कॉल तुटत नाही, याचे श्रेय मात्र संचाला द्यायलाच हवे. कोणत्या नगाला चिकटून राहायचे हे अखेर फोनच ठरवतो, तेव्हा नग फार जवळजवळ ठेवू नयेत. लहान फ्लॅटमध्ये तीनऐवजी दोन नग घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. कपाटात, फ्रिजमागे किंवा मोठ्या आरशामागे नग ठेवू नये, आणि वर केबल नेणे शक्यच नसेल तर तो जिन्याच्या तोंडाशी ठेवावा, कारण तिथे मध्ये स्लॅब येत नाही.

टीव्ही, संगणक, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर अशी जागची न हलणारी उपकरणे तारेवरच असावीत. त्यांच्यासाठी पायऱ्यांखाली टीएल-एसजी१०८ हा आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच लावला आहे. त्याला पंखा नाही, काही मांडणी करावी लागत नाही, आणि त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. वाय-फाय ७ची उपकरणे आता मिळू लागली आहेत, पण काहीशे एमबीपीएसच्या योजनेसाठी त्यांवर जास्त पैसे घालण्याऐवजी ते प्रत्येक खोलीत एकाऐवजी दोन केबली नेण्यावर घालावेत. वीज गेल्यावर नेट चालू ठेवायचे असेल तर फायबरची पेटी, मुख्य नग आणि मधला स्विच या तिघांनाही बॅकअप लागतो. डेकोला १२ व्होल्ट चालतात. बाकी दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच छोटा यूपीएस घ्यावा.