कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगची गळती: हवेने तपासावी की पाण्याने?

लूप (पाणी फिरवणारी नळ्यांची जोडणी) नवा जोडला असेल तर आधी हवाच भरावी. टेस्टरच्या (गेज लावलेल्या) हातपंपाने 0.5 बार दाब द्या, व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा तास गेज पाहा. काटा उतरत राहिला तर गळती आहे (टेस्टरचा स्वतःचा जोड आधी तपासा), आणि पार्ट कोरडेच राहतात. दाब वाढवू नका, अॅक्रिलिकच्या रिझर्व्हॉयरला (पाण्याच्या टाकीला) तडा जाऊ शकतो.

पण गळती नेमकी कुठे, ते पाणीच दाखवतं. मदरबोर्डच्या सगळ्या पॉवर केबल काढा, पॉवर सप्लायच्या 24 पिन केबलला जंपर (मदरबोर्डशिवाय सप्लाय चालू करणारा जोड) लावून फक्त पंप चालवा. प्रत्येक फिटिंगखाली (नळीच्या जोडाखाली) टिश्यू पेपर ठेवा. थेंबभर ओलही त्यावर लगेच उमटते. डाग दिसला की पंप बंद, पाणी काढा, फिटिंगमधली ओ-रिंग (रबराची गोल कडी) बघा. बहुतेकदा ती खोबणीतून सरकून चिमटलेली असते. नुसतं आवळत राहिलात तर रबर आणखी कापलं जातं.