ऑक्टोपस घ्यावा की डॉन्की काँग?

जुना गेम अँड वॉच, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा इलेक्ट्रॉनिक खेळ, घ्यायचं मनात आलं की बहुतेकांची नजर आधी डॉन्की काँगवर जाते. केशरी डबी, पुस्तकासारखी उघडणारी, आत दोन पडदे. शोकेसमध्ये ठेवायला याच्याइतकं देखणं काही नाही. पण खेळायलाच घेणार असाल, तर जरा थांबा.

दोन्ही निन्टेन्डो या जपानी कंपनीचेच. ऑक्टोपस १९८१चा, डॉन्की काँग १९८२चा. निन्टेन्डोच्या गुन्पेइ योकोइंना गेम अँड वॉचची कल्पना बुलेट ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेल्या प्रवाशाला पाहून सुचली, असं सांगतात. खेळाचं सगळं तंत्रही कॅल्क्युलेटरचंच आहे: काचेत आधीच कोरलेली चित्रं, जी फक्त उमटतात आणि विझतात. माणूस सरकत नाही, या जागी विझून त्या जागी उमटतो. नव्वदच्या दशकातल्या आपल्या ब्रिक गेममध्ये निदान ठोकळे कुठेही रचता येत. इथे तेवढीही मोकळीक नाही, म्हणून कोणता खेळ निवडता याला महत्त्व.

ऑक्टोपसला खेळायची बटणं दोनच. पाणबुड्या होडीतून उतरतो, ऑक्टोपसचे लांब-आखूड होणारे हात चुकवत खजिन्यापाशी जातो आणि पिशवी भरतो. खजिना काढला की दर वेळी एक गुण, होडीत सुखरूप परतलात की वरून तीन. एकदा भरून परत फिरायचं की अजून थोडं काढायचं? सगळी गंमत या हावरटपणात आहे. 'अजून एकदाच' म्हणता म्हणता हात येतो आणि पाणबुड्या गेला! तीन वेळा सापडलात की खेळ खलास. वेग वाढला की टिकटिक ऐकूनच बोटं चालायला लागतात.

डॉन्की काँगमध्ये काम जास्त. खालच्या पडद्यावर पिंपांवरून उड्या, पण डोक्यावरून लोखंडी तुळई जात असताना उडी मारलीत तर मेलात. शिडीने वरच्या पडद्यावर जायचं, खटका ओढून क्रेन सुरू करायची आणि झुलत्या हुकावर नेमकी झेप घ्यायची. चुकलात की खाली. असं चारदा जमलं की वरचा गोरिला, म्हणजे काँग, कोसळतो. डाव्या अंगठ्याखालचं अधिक-चिन्हाचं बटण याच यंत्रावर पहिल्यांदा आलं. आज गेमपॅडवर दिसतं ते त्याचंच घराणं.

पहिले काही दिवस डॉन्की काँग जास्त रंगतो, हे खरं. मग वाट पाठ होते आणि उरतो तो फक्त हुकाचा क्षण. ऑक्टोपस पाठ होतच नाही, कारण किती लोभ करायचा हे दरवेळी नव्याने ठरवावं लागतं. माझ्यापुरतं उत्तर ऑक्टोपस. लहान मुलाच्या हातात द्यायचा असेल तरीही तोच, कारण घडीच्या डबीत बिजागरी तुटायची भीती असते. इतिहासाचा तुकडा जवळ हवा असेल तर मात्र डॉन्की काँगच घ्या.

दोन्हींना बटण सेल लागतात. सेलचं झाकण आहे का, आत हिरवट गंज धरलाय का, हे आधी पाहा. पडदा फिका पडला असेल तर वरची पोलरायझर फिल्म (चित्रं गडद दाखवणारा पारदर्शक पापुद्रा) बदलता येते, काचेतला काळा डाग जात नाही. विकणाऱ्याला एसीएलचं (खेळ रिसेट करायचं) बारीक बटण टाचणीने दाबून फोटो काढायला सांगा: त्या वेळी सगळी चित्रं एकदम उमटतात, मेलेलं एखादं असेल तर लगेच दिसतं.