रेड फाइंडर की गिल्ड?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये 2011 पासून रेड फाइंडर आहे. बटण दाबलं की रेडसाठी, म्हणजे बलाढ्य शत्रूंशी एकत्र लढायच्या मोहिमेसाठी, अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जमतो. फोंड्याला रात्री जेवण आटोपून तासभर खेळणाऱ्याला सोयीचं; पण तिथे शिकवायला कोणाला सवड नसते. चुकलात की शिव्या, नाहीतर हकालपट्टी.

मिथिक, म्हणजे सर्वांत कठीण पातळीच्या रेडला मात्र नेमके 20 जण लागतात, आणि तिथे रेड फाइंडर चालत नाही. माझं मत गिल्डला, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या संघाला. शिरण्याआधी मी गिल्डवाल्यांना एवढंच विचारलं, "पन्नासदा हरलो तर?"

"एक्कावन्नाव्यांदा जाऊ."

जुलैच्या पावसात ऐन लढाईत वीज गेली. परतलो तेव्हा सगळे थांबलेले, कोणी चहा घेत, कोणी गप्पा मारत. कटकट फक्त गिल्डच्या वेळापत्रकाची. चवथीची रजा मागताना गिल्डवाल्यांना अर्धा तास गणपती समजावावा लागला.