घर-दुरुस्तीसाठी आमच्या गल्लीतल्या मंडळीचं कर्ज : धाबं, 90 हजार आणि एक पावसाळा

बडोद्यातल्या आमच्या भागात एक मंडळी आहे, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून चालवलेली बचत आणि कर्जाची सहकारी संस्था. मी स्वतः तिची मेंबर आहे, त्यामुळे हा बाहेरून बघून लिहिलेला रिव्ह्यू नाही. पण कमिटीत मी नाही, कमिटीत माझं कुणी नातेवाईकही नाही, आणि जे पटलं नाही ते पण खाली लिहिलंय. मंडळीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण फक्त आमच्या आठ-दहा गल्ल्यांतल्या लोकांनाच मेंबर करतात आणि बाहेरचे फोन आले की बिचारा क्लार्क वैतागतो. पण दांडिया बाजार, बाबाजीपुरा, नवापुरा या भागात राहणाऱ्यांना मी कुठल्या मंडळीबद्दल बोलतेय ते लगेच कळेल, आणि दुसरीकडे राहत असाल तर तुमच्याकडे असं काही आहे का ते शोधा एवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय.

ऑगस्ट 2024 चा तो आठवडा बडोद्यात कुणी विसरलं नसेल. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट आणि पाणी 35 च्या वर गेलेलं, लोकांच्या गाड्या, फ्रिज, धान्य सगळं गेलं. आम्ही जुन्या शहरात, नदीचं पाणी आमच्यापर्यंत आलं नाही, पण आमचं पाणी वरून आलं. चार दिवस धाबं, म्हणजे वरची गच्ची, गळत होतं, सहा बादल्या आणि पिठाचा डबा रिकामा करून तो पण खाली लावलेला, आणि तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात स्लॅबचं एवढं मोठं ढलपं सुटून ओट्यावर पडलं की शेगडीचा स्टँडच वाकला. वर बघितलं तर सळई दिसत होती, गंजून फुगलेली, हात लावला की पापुद्रे निघत होते. सकाळी सहाला सासूबाई त्याच जागी उभ्या राहून चहा ठेवतात. त्या दिवसापासून मी त्यांना तिथे उभं राहू दिलं नाही, खोलीत इंडक्शन लावून दिलं.

आता पैसे कुठून आणायचे. हे मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला, मी घरी ट्यूशन घेते, दोघांचं मिळून घर चालतं पण लाखभर रुपये बाजूला पडलेले नसतात. बँकेत गेलो तर पहिला प्रश्न घर कुणाच्या नावावर. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजेसासऱ्यांचं नाव, वारसाई झालेली नाही, पेढीनामा (वारसांची वंशावळ) काढायचा तर सात वारस, त्यातले एक पुण्याला, एक सांगलीला, एकांचा पत्ताच नाही. जुन्या शहरातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे, घर शंभर टक्के आपलं आणि कागद एकही आपला नाही. प्रधानमंत्री आवासचं पण विचारून आले, 2015 पासून योजना आहे, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांना त्यात केंद्राचे दीड लाख मिळायचे, पण कुटुंबाच्या नावावर देशात कुठंच पक्कं घर नको ही अट, आणि आमचं घर सरकारच्या हिशोबाने पक्कंच, मग भले ते डोक्यावर पडत असो. घर नसलेल्यासाठी योजना आहे, घर पडायला आलेल्यासाठी नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी एका खाजगी फायनान्सवाल्याने हो म्हटलं, 14 टक्के फ्लॅट, अडीच वर्षं. सही करायला निघालोच होतो, शेजारच्या काकूंनी थांबवलं, म्हणाल्या अगं मंडळीत विचार की आधी, एवढी वर्षं पाचशे रुपये कशाला भरतेस? खरंच, मी 2019 पासून महिन्याला 500 भरत होते आणि ती फक्त बचत म्हणून, दिवाळीला डिव्हिडंड येतो म्हणून. कर्जाचं कधी डोक्यातच आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही भिशी नाही (आमच्याकडे गुजराती लोक विशी म्हणतात), ही रजिस्टर झालेली शराफी (म्हणजे पतपेढीसारखी) सहकारी मंडळी आहे, गुजरातच्या 1961 च्या सहकारी कायद्याखाली, दरवर्षी ऑडिट होतं आणि ताळेबंद ऑफिसच्या भिंतीवर लावतात. आणि बडोद्याला हे काही नवीन नाही. सहकाराचा कायदा देशात आला 1904 ला, त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1889 मध्ये, सयाजीराव महाराजांच्या काळात याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, देशातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतात. सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून ओळखीच्या लोकांनी आपापसात पैसे जमवायचे आणि गरजेला एकमेकांना द्यायचे. अन्योन्य म्हणजे तेच की.

मंडळीचा नियम असा, बचतीच्या तिप्पट पर्यंत कर्ज, घर-दुरुस्तीसाठी जास्तीत जास्त दीड लाख, दोन मेंबर जामीन, व्याज शेकडा एक रुपया महिना आणि ते फक्त उरलेल्या रकमेवर. घराची मालकी मागत नाहीत. लाईट बिल, वेरा (घरपट्टी) पावती आणि तुम्ही तिथे पाच वर्षं राहताय हे शेजारच्या दोघांनी लिहून दिलं की झालं. माझी बचत 32 हजारच्या जवळ होती म्हणून 90 हजार मंजूर झाले. हिशोब मी स्वतः वहीत मांडला तो देते, म्हणजे तुम्हाला फरक कळेल. 30 हप्ते, मुद्दल दर महिन्याला 3,000, पहिल्या महिन्याचं व्याज 900, शेवटच्या महिन्याचं 30, एकूण व्याज 13,950. फायनान्सवाल्याचं 14 टक्के फ्लॅट ऐकायला मंडळीच्या 12 टक्क्यांपेक्षा दोनच टक्के जास्त वाटतं, पण ते पूर्ण 90 हजारांवर अडीच वर्षं लागतं, म्हणजे 31,500. निम्म्याहून कमी पडलं मला. फ्लॅट हा शब्द ऐकला की वही काढायची, एवढं नक्की करा.

पण व्याजासाठी मी हा रिव्ह्यू लिहित नाहीये. पैसे द्यायच्या आधी जे झालं त्यासाठी लिहितेय.

अर्ज दिला आणि रविवारी तिघं जण घर बघायला आले, खजिनदार, महिला समितीच्या एक ताई आणि एक काका, पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, आता सत्तरीच्या पुढे. मला वाटलं चहा घेतील आणि जातील. काकांनी पिशवीतनं छोटी हातोडी काढली, स्टुलावर चढले आणि स्वयंपाकघराचा सगळा स्लॅब टोकापासून टोकापर्यंत ठोकून बघितला, जिथे बोदा आवाज येईल तिथे ताईंनी खडूने गोल केला. सतरा गोल झाले. मग धाब्यावर गेले आणि म्हणाले एक बादली पाणी आणा. मधोमध ओतलं आणि आम्ही पाचही जण बघत उभे. पाणी पाइपाकडे गेलंच नाही, सरळ टाकीच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं, बरोबर खाली आमचा ओटा. काका म्हणाले, "बघा वहिनी, उतारच उलटा आहे. वर कितीही केमिकल मारा, हे इथेच साचणार आणि खाली उतरणार." आम्ही आधीच्या सहा वर्षांत तीनदा केमिकल मारून घेतलं होतं, प्रत्येक वेळी आठ-नऊ हजार, आणि तीन वेगवेगळ्या कारागिरांतल्या एकानेही बादलीभर पाणी ओतून बघितलं नव्हतं.

आमच्या कडियाने (गवंड्याने) 1 लाख 42 हजारांचं एस्टिमेट दिलेलं, त्यात स्वयंपाकघराच्या सगळ्या टाइल्स बदलणं पण घातलेलं. काकांनी तिथेच बसून कागदावर कापाकापी केली. जुना थर फोडून विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट उतार देऊन, कठड्याला गोळाई (कोपऱ्यात पाणी शिरू नये म्हणून गोल कड), वरून चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर), हे 52 हजार. खालून स्लॅब, म्हणजे सळ्या तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावून पॉलिमरचा माल भरणं, 18 हजार. आणि तिसरी गोष्ट त्यांनीच काढली, आम्ही अर्जात लिहिलीच नव्हती. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही हे ताईंच्या लक्षात आलं, त्या म्हणाल्या संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी याच कामात करून घ्या, नंतर परत तोडफोड परवडत नाही. ते 26 हजार. एकूण 96, त्यातले सहा आमचे. टाइल्स राहिल्या जुन्याच, चालतंय की.

पैसे एकदम हातात देत नाहीत, तीन टप्प्यात देतात. पहिले 40 कामाला सुरुवात करायला, मग काका येऊन बघणार, मग 30, मग शेवटचे 20. कडिया आधी चिडला, म्हणे "बेन, थई जशे (ताई, होऊन जाईल), रोज रोज चेकिंग कशाला?" पण दुसऱ्या टप्प्याला काकांनी गोळाई बघितली, एका बाजूला नुसता सिमेंटचा हात फिरवलेला, ती परत करायला लावली, आणि मोझॅक झाल्यावर नाळचं (पाणी जायच्या पाइपाचं) तोंड बंद करून धाब्यावर तीन दिवस पाणी भरून ठेवायला सांगितलं. तीन दिवस मी रोज रात्री टॉर्च घेऊन स्वयंपाकघराचं छत बघायचे. कोरडं होतं. तेव्हा शेवटचा चेक मिळाला. कुठल्या बँकेचा माणूस आपल्या धाब्यावर पाणी भरून बघायला येईल सांगा. यांचेच पैसे आहेत, शेजाऱ्यांचे पाचशे-पाचशे, म्हणून ते बघतात.

आता न पटलेल्या गोष्टी.

एक तर वेळ. अर्ज नोव्हेंबरला, पहिला चेक जानेवारीच्या शेवटी, कारण चेकवर तीन सह्या लागतात आणि एक सभासद लग्नसराईत गावाला. आमचं चाललं, पण मे महिन्यात अर्ज करणाऱ्यांचे हाल होतात. पावसाच्या तोंडावर सगळ्यांना एकदम पैसे हवे असतात आणि मंडळीकडे येतात महिन्याला ठरावीकच, मग यादी लागते, यावर्षी मागच्या गल्लीतल्या एका घराने ताडपत्रीखाली अख्खा पावसाळा काढला. निदान ज्यांचं छत पडायला आलंय त्यांना आधी आणि रंगकामवाल्यांना नंतर, एवढा नियम तरी हवा. आत्ता अर्जाच्या तारखेप्रमाणे देतात, ते मला चुकीचं वाटतं.

दुसरं जामीन. दोन जामीन शोधताना मला फार जड गेलं, माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत पण दार उघडायला उशीर करतात, आणि ज्याचं कुणाशी फारसं येणंजाणं नाही अशा माणसाने काय करायचं?

तिसरं आणि सगळ्यात मोठं, भाडेकरू. पाघडीवर (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन, मग थोड्या भाड्यात) चाळीस-चाळीस वर्षं राहणारे लोक आहेत आमच्याकडे, मालक दुरुस्ती करत नाही आणि मंडळी भाडेकरूला घर-दुरुस्तीचं कर्ज देत नाही, म्हणते मालकाचं लेखी संमतीपत्र आणा. मालक कशाला देईल, घर पडलं तर त्याला बरंच. अहमदाबादला 1990 च्या दशकात परिवर्तन योजनेत झोपडपट्टीतल्या घरांनी नळ-गटारासाठी प्रत्येकी 2,000 रुपये स्वतः भरले होते, ज्यांच्याकडे रोख नव्हते त्यांना 1974 पासून चालत आलेल्या बायकांच्या सेवा बँकेने कर्ज दिलं, आणि त्यांच्याकडे तर जमिनीचे कागदच नव्हते. मग आमच्या पाघडीवाल्यांना का नाही? वार्षिक सभेत मी हे बोलले, अध्यक्ष म्हणाले विचार करू. परत बोलणार आहे.

आणि एक सावध राहायची गोष्ट. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पण अशा शराफी मंडळीतल्या पैशाला तो नसतो. अन्योन्यची सुद्धा पुढे बँक झाली आणि ती बँक नंतर बंद पडली, इथल्या जुन्या लोकांना ते दुखणं अजून आठवतं. म्हणून आयुष्याची पुंजी इथे ठेवू नका, महिन्याचे पाचशे-हजार ठीक, आणि वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद वाचा, थकबाकी किती आहे ते विचारा. आमच्याकडे विचारलं की सांगतात, लपवत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. दोन वर्षांपूर्वी आमच्या गणपती मंडळाने डीजे रद्द केला आणि वर्गणीतले उरलेले 48 हजार मंडळीत वेगळ्या खात्यावर टाकले, एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरासाठी, बिनव्याजी. त्यातनं आत्तापर्यंत तीन घरांचे पत्रे बदलले, आणि त्या बायका महिन्याला जमेल तसे पाचशे-सातशे परत करतायत, म्हणजे तेच पैसे पुढच्या घराला जातायत.

माझे आठ हप्ते गेलेत, 66 हजार बाकी आहेत. या पावसाळ्यात एक थेंब नाही आला. जुलैमध्ये जेव्हा रात्रभर धो धो पडला तेव्हा सवयीने मी दोनदा उठून बादल्या काढल्या आणि परत ठेवल्या. पाच पैकी चार स्टार, पाघडीवाल्यांचं झालं की पाचवा देते.

मेंबर व्हायचं असेल तर ऑफिस रोज संध्याकाळी 6 ते 8 उघडं असतं, रविवारी पण. लाईट बिल, वेरा पावती, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो न्या. मेंबर झाल्यावर सहा महिने कर्ज मिळत नाही, म्हणजे पुढच्या पावसाच्या आधी काम करायचं असेल तर दिवाळी होईपर्यंत वाट बघू नका, आत्ताच जा.